नावाहो कुळं आणि आपली गोत्रं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नावाहो या अमेरिकेच्या नैऋत्येतल्या आदिवासी समाजाच्या कुळांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. ही कुळं म्हणजे आपली गोत्रंच, त्यात एवढं नवल काय. कुळ आईकडून येत असेल तर सत्ता बायकांकडे हवी, पण त्यांचे अध्यक्ष तर पुरुषच दिसतात. आणि आडनावं, सरकारी नोंदी आल्यावर चार कुळं सांगणं हा आता नुसता उपचार उरलाय. पहिला आक्षेप मला साफ अमान्य आहे, दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. तिसऱ्यावर मात्र सविस्तर बोलायला हवं.

गोत्र एकच असतं, ते वडिलांकडून येतं आणि लग्नानंतर मुलीला नवऱ्याचं लागतं. नावाहो माणूस स्वतःची ओळख करून देताना चार कुळं सांगतो. पहिलं आईचं, आणि तो स्वतः त्याच कुळाचा. दुसरं वडिलांचं; त्या कुळासाठी आपण जन्मलो असं तो म्हणतो. तिसरं आईच्या वडिलांचं, चौथं वडिलांच्या वडिलांचं. वडिलांचं कुळ हे त्यांच्या आईचंच असल्यामुळे या चारांत दोन्ही आज्या आणि दोन्ही आजोबा येतात. बाईचं कुळ लग्नाने बदलत नाही.

आता फरक कुठे पडतो ते पाहा. समजा एका मुलाची आई किन्याआनी, म्हणजे उंच घराच्या कुळाची, आणि वडील तोदिचीनी, म्हणजे कडू पाण्याच्या कुळाचे. (ही दोन्ही मूळ चार कुळांपैकी, 'बदलती स्त्री' या देवतेने ती आपल्या अंगाच्या त्वचेपासून घडवली, असं नावाहो परंपरा सांगते.) मावशीची मुलगी किन्याआनीच, म्हणजे सरळ बहीण. आत्याची मुलगी तोदिचीनी, वडिलांच्या कुळातली, म्हणून लग्न वर्ज्य. चुलत्याची मुलगी आणि हा मुलगा दोघेही तोदिचीनींसाठी जन्मलेले, म्हणून तेही भाऊबहीण. राहिली मामाची मुलगी. मामा किन्याआनी, म्हणजे ती किन्याआनींसाठी जन्मलेली आणि हा मुलगा तिच्या वडिलांच्या कुळातला. तेही लग्न वर्ज्य. गोत्राचा नियम या चौघींपैकी फक्त चुलतबहिणीला अडवतो. मामाच्या मुलीला गोत्र आड येत नाही, आणि महाराष्ट्रात कितीतरी समाजांत तिच्यावर भाच्याचा पहिला हक्क मानत आले आहेत. तुलना करायचीच असेल तर देवकाशी करा, निदान एक देवक असलं की सोयरीक होत नाही एवढं तरी जुळतं.

शिवाय साठाहून अधिक कुळांतली काही एकमेकांची भाऊकुळं मानली जातात, त्यांच्यातही लग्न होत नाही. कोणतं कुळ कोणत्या गटात धरायचं याबद्दल प्रदेशाप्रदेशांत फरक पडतो, त्यामुळे यादी वाचून निर्णय घेणं धोक्याचं. जाणते लोक घरातल्या आजीला विचारायला सांगतात. बाहेरून आलेल्यांचीही कुळं झाली आहेत. 1680 चं पुएब्लो बंड (शेजारच्या पुएब्लो आदिवासींनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेलं) आणि त्यानंतर स्पॅनिशांनी पुन्हा मिळवलेला ताबा, या धामधुमीत हेमेस या पुएब्लो गावचे लोक नावाहोंकडे आश्रयाला आले आणि त्यांच्या वंशजांचं कुळ झालं. नाकाई दिने हे मेक्सिकन मुळाचं कुळ. परक्याला सामावून घ्यायची अशी वाट गोत्रव्यवस्थेत मला दिसत नाही.

पण लग्न हा या व्यवस्थेचा एक कोपरा झाला. तिचं रोजचं काम दोन अनोळखी माणसांचं नातं ठरवण्याचं. वरचाच मुलगा चिन्लीच्या (हे नावाहो प्रदेशातलं गाव) दवाखान्यात गेला आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी आपण तोदिचीनी असल्याचं सांगितलं, की त्या त्याच्या वडिलांच्या पिढीतल्या असतील तर 'शिबीझी', म्हणजे आत्या. बऱ्याच म्हाताऱ्या असतील तर 'शिनाली', वडिलांकडची आजी. आणि त्याही त्याला उलट शिनालीच म्हणणार, कारण मुलाच्या मुलांनाही तोच शब्द. रांगेतला कुणी प्रौढ माणूस किन्याआनी निघाला तर 'शिदाई', मामा. मामाला भाच्याचे कान पिळायचा अधिकार असतो, आते-मामे भावंडांत चेष्टामस्करीची मोकळीक असते. हाक ठरली की वागणंही ठरतं. या सगळ्याला नावाहोंचा शब्द 'के'. नवशिके चुकतात ते क्रमात. वडिलांचं कुळ आधी सांगितलं की समोरचा तुम्हाला वेगळ्याच घरचं मूल समजतो, आणि आत्याच्या जागी मावशी येऊन बसते. तिसऱ्या-चौथ्याची अदलाबदल त्या मानाने कमी घातक, तरी त्यात आजोबा बदलतात.

बायकांच्या सत्तेबद्दल. वंश आईचा याचा अर्थ राज्य आईचं असा मी लिहिला नव्हता. होगान, म्हणजे पूर्वेकडे दार असलेलं घर, बाईचं असायचं. जावई सासुरवाडीच्या वस्तीत राहायला यायचा (आणि सासूच्या नजरेस पडायचं टाळायचा). मेंढ्यांचा कळप एकत्र चरत असला तरी त्यातल्या मेंढ्या ज्याच्या त्याच्या असत, आणि बायकांच्या मालकीच्या भरपूर. हा आधार 1930 च्या दशकात ढासळला. जमिनीची धूप थांबवण्यासाठी अमेरिकी सरकारने जनावरं सक्तीने कमी केली आणि चराईचे परवाने कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाच्या, नावावर दिले. त्याआधी 1923 मध्ये आदिवासी परिषद उभी राहिली ती तेलकंपन्यांच्या करारांवर सही करायला कुणीतरी हवं होतं म्हणून, आणि तीही पुरुषांचीच. तेव्हा राजकारणात पुरुष का दिसतात याचं उत्तर कुळात शोधू नका, या दोन घटनांत शोधा. अध्यक्षपदी अजून स्त्री आलेली नाही, इथे तुमचं बरोबर. 2023 मध्ये मात्र उपाध्यक्षपदी रिशेल मोंटोया आणि परिषदेच्या सभापतिपदी क्रिस्टलिन कर्ली आल्या. दोन्ही पदांवर पहिल्याच स्त्रिया.

आता आडनावं. बिगे, याझी, बेनाली, त्सो, नेझ ही नावं तुम्ही कुळाची समजलात. ती कारकुनांनी आणि शाळांनी चिकटवलेली आहेत. 'त्याचा मुलगा', 'लहान', 'त्याचा नातू', 'मोठा', 'उंच' असं कुणाचं वर्णन ऐकलं आणि नोंदवहीत तेच आडनाव झालं. दोन बिगे एकमेकांचे कुणीही नसतील, आणि एक बिगे नि एक नेझ सख्खे मावसभाऊ असतील. आडनाव बघून सोयरीक जुळवणारा इथे हमखास फसेल.

सरकारी नोंदीचं तर आणखी निराळं. नावाहो नेशनचं, म्हणजे नावाहोंच्या स्वशासित राष्ट्राचं, सदस्यत्व निदान एक चतुर्थांश नावाहो रक्ताच्या हिशेबावर मिळतं, आणि तो हिशेब 1940 च्या मूळ यादीपर्यंत मागे नेतात. वडील पूर्ण नावाहो आणि आई गोरी असेल तर मुलाला दाखला मिळतो, पण पहिल्या जागी सांगायला नावाहो कुळ नसतं. तिथे तो 'बिलागाना', म्हणजे गोरे लोक, असं सांगतो. उलट आई, आजी, पणजी अशी किन्याआनींची सलग साखळी असूनही प्रत्येक पिढीत बाप बाहेरचा असेल तर रक्ताचा हिस्सा अर्धा, पाव, अष्टमांश होत जातो. अष्टमांशावर आलेल्या मुलीला कुळ आहे, पण दाखला नाही. एक व्यवस्था दुसरीची जागा घेऊच शकत नाही, कारण दोन्ही वेगळंच काहीतरी मोजतात.

आणि उपचार म्हणाल, तर नावाहो न्यायव्यवस्थेने 1982 मध्ये सलोख्याची पद्धत पुन्हा न्यायालयाच्या कामात आणली. त्यात दोन्ही बाजूंचे नातलग एकत्र बसतात आणि झालेल्या नुकसानीची भरपाई बोलून ठरवतात. गुन्हेगाराबद्दल नावाहो म्हणतात, 'याला जणू नातेवाईकच नाहीत असा वागतो.' त्या बैठकीत नातेवाईक समोर बसलेले असतात, त्यांच्या देखत नामानिराळं होणं अवघड. दुसऱ्या महायुद्धात नावाहो सैनिकांनी अमेरिकी फौजेसाठी वापरलेल्या सांकेतिक भाषेतही कुळांचीच नावं होती: डिव्हिजनला मिठाचं कुळ, प्लाटूनला चिखलाचं, स्क्वाडला काळ्या मेंढीचं.

बाळाच्या पहिल्या हसण्याचा समारंभ पाहा. ज्याने बाळाला पहिल्यांदा खुदकन हसवलं, त्यानेच जेवण घालायचं. बाळाला मांडीवर घेतात, त्याच्या हाताने खडेमीठ आणि खाऊ देववतात. लोक एकेक करून पुढे येतात, बाळाशी असलेलं आपलं नातं सांगतात, मीठ तोंडात टाकतात. काही महिन्यांच्या त्या जिवाला अजून बोलता येत नाही, पण आपल्या माणसांना हाताने देणं तिथेच सुरू होतं. हे मी कोरडा उपचार मानायला तयार नाही.

शेवटी, अ‍ॅरिझोनात फिनिक्सला राहता म्हणून तुम्ही विचारलंत, कुणी कुळ विचारलं तर गोत्र सांगू का. सांगू नका, गोंधळ होईल. एखादं नावाहो कुळ उसनं घेऊन तर मुळीच सांगू नका. आईची माणसं कुठली, वडिलांची कुठली, मग आईचे वडील आणि वडिलांचे वडील कुठले, याच क्रमाने गावं किंवा समाज सांगा: आई साताऱ्याकडची, वडील रत्नागिरीचे, असं. हस्तांदोलन करताना हात दाबू नका, हलका स्पर्श पुरे. मग थांबा आणि समोरच्याला त्याची चार सांगू द्या.