चहा तर स्वस्त झाला होता

परवा भाचा अभ्यास करता करता म्हणाला, मामा, टॅक्स फार वाढवले म्हणून अमेरिकेत क्रांती झाली ना? शाळेत मी पण हेच पाठ केलं होतं. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३ च्या टी ॲक्टने (चहाच्या कायद्याने) अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधला चहा महाग नाही, उलट स्वस्त झाला होता. चहा आणणाऱ्या इंग्रज कंपनीला मधले व्यापारी वगळून थेट माल विकायची मुभा मिळाली, लंडनमधली जकात माफ झाली, त्यामुळे चोरट्या डच चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडणार होता. कर राहिला होता रतलामागे फक्त ३ पेन्स. मग लोक का पेटले?

कारण तो ३ पेन्सचा कर लावला होता पार्लमेंटने, आणि त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींतल्या लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. सात वर्षांचं युद्ध १७६३ ला संपलं, इंग्लंड कर्जात बुडालं होतं, तेव्हा वसाहतींकडून वसुली करायचं ठरलं. १७६५ ला स्टॅम्प ॲक्ट आला, कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर म्हणून विकतचा सरकारी स्टॅम्प. बोस्टनमध्ये स्टॅम्प विकायला नेमलेल्या माणसाचा पुतळा झाडाला टांगला गेला, वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की तुमच्यासाठी कुठल्याही बाबतीत कायदा करायचा हक्क आमचाच. मला विचाराल तर खरी ठिणगी ही. पैसे सोडले, हक्क सोडला नाही. पुढे १७७० ला काच, रंग, कागद यांच्यावरचे कर गेले तरी चहावरचा मुद्दाम ठेवला, तो पण हक्क दाखवायलाच.

आणि ही कंपनी कुठली? आपलीच ईस्ट इंडिया कंपनी! १७६५ ला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, मिळाली, १७७० च्या दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली तरी यांची महसूल वसुली चालूच, आणि एवढं करूनही १७७२ पर्यंत कंपनी दिवाळखोरीच्या दारात. गोदामं न विकलेल्या चिनी चहाने भरलेली. तो चहा अमेरिकेच्या गळ्यात मारायचा होता. पेनसिल्वेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने १७७३ मध्येच टोपणनावाने लिहिलं की या कंपनीने बंगालमध्ये काय केलं ते बघा, उद्या आपली पाळी. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मुर्शिदाबादकडच्या भुकेने मेलेल्या माणसांची आठवण फिलाडेल्फियात बसून कोणीतरी काढत होतं.

१६ डिसेंबर १७७३ ची रात्र, बोस्टन बंदर. लोक कंपनीचा चहा आणलेल्या जहाजांवर चढले. तीन जहाजं, ३४० च्या वर पेट्या, जवळपास ४२ टन चहा, कुऱ्हाडीने फोडून समुद्रात. त्यात जॉर्ज ह्यूज नावाचा एक जोडे शिवणारा गरीब माणूस होता, म्हातारपणी त्याने सगळं सांगितलं. एकाने कोटाच्या अस्तरात गुपचूप चहा भरला तर त्याला तिथेच पकडलं. चहाशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे ठरलेलं होतं.

शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद, भरपाई मिळेपर्यंत. पूर्ण गाव उपाशी मारायचा प्रकार. तेव्हा दक्षिण कॅरोलिनाहून तांदूळ आला, कनेक्टिकटहून मेंढ्या हाकत आणल्या. एरवी एकमेकांशी हद्दीवरून भांडणाऱ्या या वसाहती बोस्टनच्या चुलीसाठी एक झाल्या. (आणि हेही लिहिलंच पाहिजे, की तो तांदूळ पिकवणारे हात गुलामांचे होते. स्वातंत्र्याच्या गप्पा त्यांच्या झोपडीपर्यंत पोचल्या नाहीत, हे मला कायम टोचतं.)

भाच्याला मी एवढंच म्हटलं की टॅक्सचा आकडा नको बघू, दहा वर्षं ही माणसं काय करत होती ते बघ. ती अर्ज करत होती. एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावात इंग्रज सैनिकांशी चकमक होऊन गोळ्या चालल्या, वसाहतीतले आठ जण मेले, त्यानंतरही जुलैमध्ये त्यांनी राजाला आणखी एक अर्ज लिहिला, अगदी विनवणीच्या भाषेत, की तुम्ही मध्ये पडा, आम्ही तुमचीच प्रजा आहोत. मसुदा त्याच डिकिन्सनचा. अर्ज समुद्र ओलांडून लंडनला पोचला आणि तिसऱ्या जॉर्जने तो हातात घ्यायलाही नकार दिला.