मॅडम ॲडजस्ट होतील

नाही होणार. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, ॲडजस्ट व्हायचा कोटा संपला.

रविवारी आमची वरात गाडी बघायला गेली. वरातच म्हणायची, कारण अण्णांचा हट्ट, "ज्यांना बसायचंय त्यांनी बसून बघायचं." मग अण्णा (वय 80), आई (76, दोन्ही गुडघे बदललेले, नेसणं नऊवारी), अण्णांची बहीण आत्याबाई (72), हे, मी, सहा फुटी चिरंजीव आणि अकरा वर्षांची लेक. धायरीहून शोरूमपर्यंत वॅगनआरच्या दोन खेपा. दुसऱ्या खेपेची माणसं पोचेपर्यंत पहिल्या खेपेचा चहा पिऊन झाला होता.

शोरूमचं नाव घेत नाही, गाडीचंही नाही. घेऊन उपयोग नाही, सगळ्यांची जातकुळी एकच. टाय लावलेला एक मुलगा आला आणि म्हणाला, "सर, सेव्हन सीटर. सात जण आरामात." गेल्या दोन महिन्यांत हा 'आरामात' मी चार शोरूममध्ये ऐकलाय. चारही ठिकाणी तो म्हणणारा माणूस गाडीच्या बाहेर उभा होता.

मग जागावाटप. पुढे हे, कारण गाडी तेच चालवणार. शेजारी चिरंजीव, कारण पाय लांब. मधे अण्णा, आई, आत्याबाई. उरलं कोण? पोरगी आणि मी. टायवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, कपाट जिन्यातून वर जाईल का हे हमाल बघतात ना, तसं. आणि ह्यांना म्हणाला, "मॅडमची हाइट कमीच आहे सर. मॅडम ॲडजस्ट होतील."

मला नाही म्हणाला. ह्यांना म्हणाला. आणि ह्यांनी मान डोलावली!

हाइट कमी. पाच फूट एक इंच आहे माझी उंची. पाच फूट एक इंचवाल्यांना गुडघे नसतात का? आम्ही काय घडीच्या खुर्च्या आहोत? आणि हा 'ॲडजस्ट' शब्द कुणी आणला या देशात, त्याला एकदा त्या मागच्या सीटवर बसवून कराडपर्यंत न्यायचंय. लोकलमध्ये चौथी सीट, लग्नात पंगत, हॉस्पिटलात एक पेशंट एक नातेवाईक, सगळीकडे ॲडजस्ट. आणि दरवेळी करायचं कुणी? ज्याची हाइट कमी त्याने.

तरी बसले. मधली सीट दुमडून, कमरेत वाकून, एक पाय आत, दुसरा हवेत, ओढणी कशात तरी अडकलेली. मागच्या सीटचं बांधकाम असं, की बूड खाली आणि तळवे जवळजवळ त्याच उंचीवर. गुडघे हनुवटीला. पाटावर बसल्यासारखं, पाटावर निदान समोर ताट तरी असतं. खिडकी उघडत नाही. मागची काच मानेपासून वीतभर. मी म्हटलं, पाय कुठे ठेवू? टायवाला उत्साहाने म्हणाला, "मॅडम, दोन्ही बाजूंना बॉटल होल्डर दिलेत." बाटलीची सोय आहे. बाईची बघू नंतर.

खरी गंमत पुढेच आहे. मी आत गेल्यावर त्याने मधली सीट खाटकन उभी केली. अण्णा बसले, आत्याबाई बसल्या, आईंना दोघांनी धरून बसवलं. आणि मला कळलं, की मागच्या माणसाला दारच नाही. मागच्याचं दार म्हणजे पुढचा माणूस. तो उतरला, सीट दुमडली, तर तुम्ही बाहेर, नाहीतर बसा. आणि पुढचा माणूस म्हणजे अण्णा. अण्णांना त्या कानाने कमी ऐकू येतं, आणि त्यांना सीट फार आवडली.

"अण्णा, जरा उतरता का?"

"हो, मऊ आहे."

"अण्णा, मला बाहेर यायचंय!"

"चहा इथेच आणायला सांग त्याला."

दहा मिनिटं. दहा मिनिटं मी त्या खोपच्यात. आईंना परत उठवायचं तर त्यांच्या गुडघ्यांचे हाल, त्यामुळे त्यांनाही म्हणवेना. हे बाहेर उभे राहून मायलेज विचारतायत. चिरंजीव मोबाइलवर शूटिंग करतायत. शेवटी टायवाल्याने तोडगा काढला. मागून डिकी उघडली, माझ्या सीटची पाठ मागे पाडली आणि म्हणाला, "मॅडम, इकडून या." आले. डिकीतून, रांगत. नेमकं शेजारी एका कुटुंबाला नवी गाडी देणं चाललं होतं. हार, नारळ, पेढे, फोटोग्राफर. त्यांच्या आजींनी मला बघून हात जोडले. का, ते मी विचारलं नाही.

आणि मी ओढणी झटकतेय तोवर टायवाल्याने मला आख्ख्या दिवसातला पहिला थेट प्रश्न विचारला. "मॅडम, कलर तुम्ही सांगा."

म्हणजे इंजिन सरांचं, ईएमआय सरांचा (निम्मा माझ्या पगारातून जाणार आहे, पण असो), आरामात बसणं सगळ्यांचं, आणि मला रंग.

आता निघालंच आहे तर गेल्या पौषातलंही सांगते. पालीचा, म्हणजे कराडकडच्या पालचा, खंडोबा आमचं कुलदैवत. भाड्याची सात सीटची गाडी केली होती. मी आणि लेक कुठे, सांगायला नकोच. मांडीवर नारळाची पिशवी, पायात आईंचा वॉकर, कारण तीन रांगा उभ्या असल्या की डिकीत एक बॅग आणि देवाचं नाव एवढंच मावतं. खंबाटकी घाटात लेक म्हणाली "आई, कसंतरी होतंय", आणि मी "अहो, थांबवा" म्हणेपर्यंत झालंच. माझ्यावर. काच उघडत नाही, दार नाही, पुढे अण्णा झोपलेले. घाटापासून काशीळच्या फाट्यापर्यंत मी तशी. देवळात भंडारा उधळला तेव्हा सगळ्यांत जास्त मीच उधळून घेतला. वास तरी झाकला.

आणि ही डिकी लिटरमध्ये का मोजतात? ताक ओतायचंय का तिच्यात? अर्टिगाची तिन्ही रांगा उभ्या असताना 209 लिटर, म्हणजे आमच्या पाच लिटरच्या कुकरच्या हिशेबात एक्केचाळीस कुकर. जत्रेला एक्केचाळीस कुकर कोण नेतं? एक वॉकर, दोन बॅगा, जेवणाचे डबे आणि आईंची घडीची कमोडची खुर्ची मावेल का, एवढं एका ओळीत लिहा. सीएनजी घ्यावं तर सिलिंडरच डिकीत जाऊन बसतो. आठवा प्रवासी! त्याला मात्र कुणी ॲडजस्ट हो म्हणत नाही.

कॅप्टन सीट घ्या म्हणे, मधून वाट मिळते. मिळते, पण बऱ्याच गाड्यांत त्या नादात सातच्या सहा सीटा होतात. "सर, प्रीमियम फील येतो." सातवं कोण उतरवू? आत्याबाईंना?

सरकारचं तर बोलायलाच नको. 2025 च्या सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्के जीएसटीत. त्याच्या पुढे गेलात की 40 टक्के. म्हणजे नवरा-बायको-एक मूल असाल तर गरजू, आणि सासू-सासरे-आत्या सांभाळत असाल तर चैनी. आणि भाषणं ऐका, एकत्र कुटुंबपद्धती ही आपली संस्कृती! त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर, दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के. तो वेगळा. चार मीटरच्या आत सात जण बसवणारी ट्रायबर आहे, नाही असं नाही. तिची मागची सीट तर चक्क काढून घरी ठेवता येते. हे ऐकून ह्यांचे डोळे चमकले. मी म्हटलं, सीटबरोबर मलाही ठेवा घरी.

इनोव्हा म्हणाल तर आवडते सगळ्यांनाच. आमदारांनाही. आमच्या बजेटात तिचा हप्ता बसतो, पण मग किराणा मागच्या सीटवर जातो.

आणि सनरूफ! चारपैकी तीन शोरूममध्ये सनरूफवर दहा-दहा मिनिटं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये छत उघडून कुणाला भाजून घ्यायचंय? तेच पैसे घालून मागच्या रांगेला एक दार द्या. सुमोला होतं की! माझ्या मामांची 1995 ची सुमो होती कराडला. मागे समोरासमोर दोन बाकडी, त्यांच्यासाठी मागून स्वतंत्र दार. दहा-दहा माणसं बसायची, कुणालाही न उठवता कुणीही उतरायचं. टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या (इंग्रजीत Moolgaokar) नावातलं 'सु' आणि 'मो' घेऊन गाडीचं नाव ठेवलं होतं, ते मामा येईल-जाईल त्याला सांगायचे. 2019 ला बंद केली तीही.

मी हे सगळं परत येताना गाडीत तावातावाने बोलत होते. माझी दुसरी खेप, त्यामुळे मी, लेक, आत्याबाई आणि हे. सुमोपर्यंत आले तशी लेक मागून म्हणाली, "आई, त्यात पट्टे होते का गं?" नव्हते. आडव्या बाकड्यावर कसले पट्टे! ब्रेक लागला की सगळे एकमेकांच्या मांडीत. मामी तर दरवेळी म्हणायच्या, या डब्यात परत बसणार नाही. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मग तिने दुसरा बाण काढला. "आणि पालीहून येताना मी रडत होते मागे नको म्हणून, तेव्हा तू काय म्हणालीस?"

काही बोलले नाही मी. ह्यांनी आरशातून बघितलं.

"तू म्हणालीस, तू लहान आहेस, ॲडजस्ट हो. आणि तू आत्याआजीला पुढे ड्रायव्हरशेजारी पाठवून मधे जाऊन बसलीस."

बसले होते. पाठ दुखत होती. घाट नव्हता येताना, बोगदा होता. आणि तिची हाइट... जाऊ दे.

संध्याकाळी आईंनी गुडघ्यांना तेल लावता लावता निकाल दिला. "मी काय त्या गाडीत बसायची नाही. एवढं धरून चढवायचं, परत धरून उतरवायचं, मी काय पालखी आहे? एसटीला दांडा असतो धरायला. स्वारगेटवरून कराडची गाडी, उंब्रजला उतरायचं, तिथून पालला. काय वाईट आहे?"

हे हसले. पण चिरंजीवांनी मोबाइल काढून हिशेब सुरू केला. अण्णा आणि आई पंच्याहत्तरीच्या पुढचे, 2022 पासून फुकट. मी आणि आत्याबाई बायका, 2023 पासून अर्धं तिकीट. लेक बाराच्या आतली, अर्धं. पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं आणि त्याचं. सात माणसं, साडेतीन तिकिटं.

"मुहूर्तांइतकीच," आत्याबाई म्हणाल्या. ह्यांना गाडी दसऱ्याला दारात हवी आहे.

यावर हे म्हणाले, "आणि एसटीत जागा नाही मिळाली तर?" कुणी उत्तर द्यायच्या आधी अण्णा, ज्यांना ऐकू येत नाही, ते म्हणाले, "हिची हाइट कमी आहे, ही बसेल कुठेही."

आज सकाळी टायवाल्याचा फोन आला होता. सरांना नाही, मला. मॅडम, कलर ठरला का?

लाल सांगितलाय.