बूस्टर नको, अँटेना लावा

तुमच्या लेखात म्हटलंय, गावच्या घरी नेट चालत नसेल तर ऑनलाइन मिळणारा ‘बूस्टर’ लावा. कृपया हा सल्ला काढा. सिग्नल वाढवून पुन्हा फेकणारं यंत्र परवानगीशिवाय लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, शिवाय त्याने आख्ख्या वाडीची रेंज बिघडू शकते. सिमकार्डच्या राउटरला बाहेरचा अँटेना जोडणं ही वेगळी गोष्ट.

आमचं कोकणातलं घर खोलात, भिंती जांभ्याच्या. राउटर माजघरात असताना आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून मिळणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ११५ च्या आसपास (आकडा शून्याकडे सरकेल तितकं चांगलं). अँटेना कौलांच्या वर पाइपावर चढवून टॉवरकडे वळवला तर उणे ९५. पण खरी मेख अँटेनापासून राउटरपर्यंतच्या वायरमध्ये आहे. स्वस्तातली आरजी-५८ वायर २३०० मेगाहर्ट्झला (४जीच्या एका पट्ट्यावर) मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे वरच्या आकड्यातला एक. दहा मीटर टाकलीत की अँटेनाने कमावलेल्यातलं निम्मं वाटेतच खलास! म्हणून राउटरच माळ्यावर न्या, ही वायर आखूड ठेवा आणि खाली लॅनची केबल सोडा, तिला लांबीचं एवढं वावडं नाही. आणि अँटेना दोन हवेत, एकमेकांशी काटकोनात, किंवा एकाच डब्यात दोन असलेला. एकच लावून ‘स्पीड वाढेना’ म्हणणारे बरेच भेटतात.

समुद्राकाठच्यांनी वायरच्या जोडांवर रबरी टेप पावसाआधीच गुंडाळावी. खाऱ्या हवेत आत हिरवा कळंक चढतो आणि बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. बाकी गणपतीत मुंबईकर आले की टॉवरवरच गर्दी होते, तिथे अँटेना काय करणार?