पुरात दूध वाटलं म्हणून मत? बडोद्यात फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरतो. शब्द बदलतात, गाभा तोच. नगरसेवक अभ्यासू असायची गरज नाही, कामं तर कमिशनरच करतो. आपल्याला हाकेला ओ देणारा माणूस हवा, पुरात कमरेएवढ्या पाण्यातून दूध घेऊन येणारा हवा. जोडीला सयाजीरावांचा दाखला: कवळाण्याचं शेतकऱ्याचं पोर, ते कुठे शिकून राजा झालं होतं? आणि शेवटी सल्ला, की फार डोकं चालवू नका, चिन्ह बघून वॉर्डातली चारही मतं एकाच पक्षाच्या पॅनलला टाका.

पुरात जो दारात आला तो आपला

दूध वाटण्याला कुणी नावं ठेवू नयेत. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला त्या दिवशी तेच हवं असतं. पण ऑगस्ट 2024 मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट असताना पाणी 37 फुटांच्या आसपास गेलं. ते घराघरांत का शिरलं याचं उत्तर त्या आठवड्यात शोधून सापडत नाही. ते आधीच्या उन्हाळ्यात आणि त्याआधीच्या बजेटात असतं.

आजवा सरोवराचंच बघा. हे धरण एकाच वेळी दोन कामं करतं, शहराच्या पूर्व भागाला प्यायचं पाणी देतं आणि पावसाळ्यात पुराचं पाणी थोपवतं. आधीच बरंच रिकामं केलं आणि नंतर पाऊस दडी मारून बसला, तर उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात. भरलेलं ठेवलं आणि वरच्या भागात एका दिवसात दहा-बारा इंच कोसळला, तर 62 दरवाज्यांवरून येणारं पाणी थेट विश्वामित्रीत उतरतं. मग पातळी कितीवर ठेवायची? मही नदीवरच्या फाजलपूर, रायका, दोडका, पोइचाच्या फ्रेंच वेल्समधून, म्हणजे नदीतून पाणी घेणाऱ्या मोठ्या विहिरींमधून, किती पाणी वाढवून घेता येईल? महापालिकेच्या सभेत हा प्रश्न विचारायला आकडे माहीत असावे लागतात. पाण्यात उतरायची तयारी तिथे कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट कांसांची. भुखी, रूपारेल, मसिया या पावसाळी पाणी वाहून नेणाऱ्या कांसा. त्यांना वास येतो, डास होतात, म्हणून सोसायटीची मागणी एकच असते: झाकून टाका. लोकप्रिय नगरसेवक लगेच आर.सी.सी.चा बॉक्स टाकून देतो. वर रस्ता होतो, पार्किंग होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. पण झाकलेल्या भागात जेसीबीचा हात पोचत नाही. गाळ बसत जातो, पाणी वाहायची जागा दरवर्षी थोडी कमी होते, आणि हे कुणाच्या नजरेला पडत नाही. पावसाळ्याआधीची सफाईही बहुतेकदा जिथून दिसते तिथेच होते, म्हणजे पुलाजवळ. रस्त्याखालचं नाळं तसंच तुंबलेलं राहतं. काढलेला गाळ काठावरच टाकला, तर पहिल्याच मोठ्या सरीत तो पुन्हा आत. गाळाचं बिल घनमीटरवर निघत असेल तर सफाईआधी आणि सफाईनंतर दोन्ही वेळा पात्राची खोली-रुंदी मोजलेली असली पाहिजे. ते कागद मागणारा नगरसेवक सोसायटीत फारसा आवडता नसतो, झाकण टाकायला तो सहसा नाही म्हणतो.

आणि कांस स्वच्छ असली तरी नदी चढली की ती उलटी वाहते. नदीचं पाणी तोंडातून आत शिरतं, म्हणून तोंडाशी एकाच दिशेने उघडणारं झडप-दार लागतं आणि आतलं पाणी उपसायला पंप लागतात. नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या जिन्यापर्यंत पाणी आलं की ‘इतक्या लांब कसं आलं?’ असं सगळे विचारतात. ते या वाटेने येतं.

कामं कमिशनर करतो, नगरसेवक शोभेचा

1949 च्या प्रांतिक महापालिका कायद्यात महापालिकेची तीन मुख्य अंगं आहेत: सर्वसाधारण सभा, 12 जणांची स्थायी समिती आणि कमिशनर. कमिशनर बजेटचा मसुदा मांडतो, स्थायी त्यात फेरफार करते, सभा मंजूर करते. ठरावीक रकमेवरचं कंत्राट स्थायीच्या मंजुरीशिवाय होत नाही. म्हणजे कमिशनर हात चालवत असला तरी थैलीची दोरी निवडून आलेल्यांकडे आहे.

एक कलम तर प्रत्येक मतदाराला माहीत असावं, 67(3)(सी). अचानक संकट आलं तर कमिशनर मंजुरीची वाट न बघता खर्च करू शकतो, पण नंतर कारण आणि रक्कम स्थायीपुढे आणि सभेपुढे ठेवावी लागते. पूर आला की या कलमाखाली कामं निघणारच. ती निघण्यात चूक नाही. दरवर्षी येणारा पावसाळा ‘अनपेक्षित’ कसा, एवढं विचारणारा एक जण तरी सभेत हवा.

18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. तलाव भागीदारीच्या कंत्राटावर चालवायला दिला होता. असं कंत्राट समितीपुढे येतं तेव्हा सुरक्षेची अट, तपासणी कोण आणि किती दिवसांनी करणार, दंड किती, हे वाचणं म्हणजेच नगरसेवकाचं काम. ते करताना त्याचा फोटो काढायला कुणी येत नाही.

सयाजीराव कुठे शिकले होते?

हा दाखला देणाऱ्यांनी पुढचं पान वाचलेलं नसतं. 27 मे 1875 ला गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव, दत्तक गेले आणि पूर्ण अधिकार मिळाले 28 डिसेंबर 1881 ला. मधली साडेसहा वर्षं राज्य दिवाण टी. माधवराव चालवत होते. त्यांनी आधी त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी केलेली होती. मुलाला शिकवायला एलियट नावाचे इंग्रज शिक्षक होते, आणि अधिकार हाती येण्याआधी खुद्द दिवाणांनी राज्यकारभारावर व्याख्यानं देऊन तयारी करून घेतली. हे शिकणं नाही तर काय?

सक्तीचं प्राथमिक शिक्षण घ्या. 1893 ला ते आधी अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि सगळ्या राज्याला लागू केलं 1906 ला. मध्ये तेरा वर्षं गेली. आजच्या भाषणात ‘सत्तेवर आल्या आल्या’ असं म्हणतात, तसं नव्हे.

एक मात्र खरं, पदवी म्हणजे लायकी नव्हे. हरियाणात पंचायतीसाठी शिक्षणाची अट आली, सर्वोच्च न्यायालयाने 2015 ला ती मान्यही केली. तशीच अट राजस्थानने घातली आणि 2019 ला काढून टाकली. सातवी पास बाई बजेटची ओळ न् ओळ वाचत असेल, तर सही ठोकणाऱ्या इंजिनिअरपेक्षा ती बरी.

चारही मतं पॅनलला

बडोद्यात 19 वॉर्ड, प्रत्येकी चार, असे 76 नगरसेवक, त्यात निम्म्या जागा महिलांच्या. चारही मतं एकाच चिन्हाला द्यावीत असा नियम नाही. आणि पॅनलच्या पोस्टरवर जो चेहरा महापौर म्हणून मिरवतो, त्याला आपण निवडतच नाही. महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी.

उमेदवार आधी नगरसेवक असेल तर तपासणं सोपं आहे. खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा, फी 20 रुपये, नक्कल पानाला 2 रुपये. मागायचं एवढंच: पाच वर्षांतली सभेची हजेरी, त्यांनी लेखी विचारलेले प्रश्न, त्यांच्या ग्रँटमधून झालेली कामं रकमेसह. पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि नावाच्या कमानी यांनीच यादी भरली असेल, तर काय ते कळतं. नवा उमेदवार असेल तर शपथपत्रातली मालमत्ता आणि गुन्हे बघा, आणि मत मागायला आला की वॉर्डातलं पावसाचं पाणी कोणत्या कांसेत जातं ते विचारा. माहिती अधिकाराचं उत्तर यायला 30 दिवस लागू शकतात, त्यामुळे तिकिटं जाहीर व्हायची वाट बघत बसलात तर कागद मतदानानंतर हातात पडेल.