सल्ला चालेल, पाना चालणार नाही

बडोद्यात अमेरिकेच्या व्हिसावर मत नसलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर संध्याकाळी जी मंडळी टेकतात, त्यांपैकी एकानेही स्वतः कधी अर्ज भरलेला नाही. पण प्रत्येकाचा साडू, भाचा, गेला बाजार व्याही न्यू जर्सीत असल्यामुळे बोलण्याचा अधिकार नात्यानेच आलेला. मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्यात मी उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून जिथे चिकटून राहिलो, त्यांचा एक मोठा ड्रायर, म्हणजे माल वाळवायचं यंत्र, ओहायोत विकला गेला. तो बसवून द्यायला मला पाठवायचं ठरलं. ही बातमी मी घरी सांगायच्या आत ओट्यावर पोचली होती.

“बी-वन लई लो ने, भाई! पछी जोयुं जशे,” शेजारचे काका म्हणाले. बी-वन म्हणजे धंद्याच्या कामासाठी थोडे दिवस जाऊन यायचा व्हिसा.

हे ‘पछी जोयुं जशे’, म्हणजे ‘पुढचं पुढे बघू’, मला झेपत नाही. मी मराठी माणूस. मला आधी नियम वाचायचे असतात, मग काळजी करायची असते, आणि मग तेच नियम पुन्हा वाचायचे असतात.

अमेरिकेने व्हिसाला अक्षरं दिली आहेत, ए-पासून व्ही-पर्यंत. ओट्यावरच्या अण्णांनी लगेच एच-वन-बीचं, म्हणजे तिकडे नोकरी करायच्या व्हिसाचं नाव घेतलं, कारण तेवढंच सगळ्यांना तोंडपाठ असतं. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मार्चमध्ये नावनोंदणी, मग सोडत, आणि नाव निघालंच तर ऑक्टोबरपासून नोकरी. आमच्या ड्रायरचं जहाज जूनमध्ये तिकडे लागणार होतं. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा बोजा चढला. हा आकडा ऐकून आमच्या मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ड्रायरसुद्धा एवढ्याला गेला नसावा हे मी ओळखलं.

एल-वनला कंपनीचीच तिकडे शाखा लागते. आमची एकमेव शाखा म्हणजे मकरपुऱ्यातच रस्त्यापलीकडे असलेलं गोडाऊन. राहता राहिला ओ-वन, तो असामान्य प्रतिभेच्या माणसांसाठी. ‘असामान्य प्रतिभा’ ऐकून सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत आत गेली. नोबेलच्या तोडीचं पारितोषिक तरी हवं, नाहीतर आठ निकषांपैकी तीन पुरे करा. त्यांत ‘आपल्या क्षेत्रातल्या इतरांच्या कामाचं परीक्षण’ असा एक निकष दिसला. गणेशोत्सवातल्या मोदक स्पर्धेला मी बरीच वर्षं परीक्षक आहे. पण मोदकाचं क्षेत्र ड्रायरच्या जवळ कसं न्यायचं ते सुचेना.

म्हणजे फिरून बी-वन. त्याचे नियम वाचले आणि मला गहिवरून आलं. या व्हिसावर धंद्यातल्या मंडळींशी सल्लामसलत करता येते, करारावर घासाघीस करता येते, परिषदेत बसता येतं. करता येत नाही ती तिथली नोकरी, तिथलं काम. थोडक्यात, सल्ला देणं हे काम नव्हे, असं अमेरिकन सरकारचं अधिकृत मत आहे. आमच्या घरी हे मत लग्नापासून आहे.

दुसरी अट पैशांची. मेहनताना अमेरिकेतून घ्यायचा नाही. तिकीट, राहणं, जेवण एवढं त्यांनी सोसलं तर हरकत नाही, बाकी सगळं मकरपुऱ्यातून, रुपयांत. फुकट सल्ले देण्याची सवय आपल्याकडे पिढीजात, तेव्हा इथवर ठीक होतं. अडलं ते हातापाशी. पंखा जरा थरथरला की माझा हात माझ्या परवानगीशिवाय पान्याकडे जातो. सल्लागाराचा फिटर व्हायला मला अर्धं मिनिट पुरतं.

मग खाली एक पोटनियम सापडला. अमेरिकेबाहेरच्या कंपनीकडून घेतलेलं यंत्र बसवायला, दुरुस्त करायला किंवा तिथल्या लोकांना ते शिकवायला बी-वनवर जाता येतं. तेव्हा पानाही धरता येतो. मात्र ही सेवा विक्रेत्याने द्यायची असं विक्रीच्या करारातच लिहिलेलं पाहिजे आणि जाणाऱ्याला त्या यंत्राचं खास ज्ञान पाहिजे. बांधकाम मात्र वर्ज्य. ड्रायरखालचा चौथरा वाकडा निघाला तर तो वाकडा आहे असं सांगायचं, उभं राहून करवून घ्यायचं, पण थापी हातात घ्यायची नाही.

आता करार. आमच्या मालकांचे करार तोंडी असतात. गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून या वेळी कागद झाला होता. तो शोधायला अकाउंट्सची कपाटं उपसली, आणि सापडला सेल्सच्या पोराच्या स्कूटरच्या डिकीत, लिलो चिवड्याच्या पुड्याखाली. दुसऱ्या पानावर तेलाच्या डागात ते वाक्य होतं: यंत्र खरेदीदाराच्या जागी बसवून, चालू करून, माणसं तयार करून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची. ते गिऱ्हाइकाच्या वकिलाने घातलेलं. आमच्या बाजूने सही करण्यापूर्वी कुणी ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. वाचलं असतं तर खोडलं असतं.

काकांना कागदांत रस नव्हता. “अहमदाबाद जई आवो,” ते म्हणाले. तिथे खाडियात एक हनुमान आहे, लोक त्याच्यापुढे पासपोर्ट ठेवतात आणि व्हिसा मागतात. मला श्रद्धा आहे, पण मारुतीच्या स्वतःच्या नोंदी पाहून धीर होईना. गेला होता सीतेच्या शोधाला. हेतू स्वच्छ, मुक्काम थोडका, निव्वळ पाहणी. आणि तिथे जाऊन केलं काय? अशोकवन उपटलं, लंका जाळली. एवढं हातकाम बी-वनवर कुणाला खपायचं नाही. त्यामानाने अंगद बरा, शिष्टाईला गेला, बोलला, परत आला. पण त्यानेही भर दरबारात पाय रोवून ‘हलवून दाखवा’ म्हटलं. मुदत संपल्यावर निघायची तयारी आहे, असं काही त्यातून दिसत नाही.

अण्णांना मारुती मंजूर नव्हता, त्यांनी सयाजीराव काढले. “अरे, महाराजांना तरी कुठे सुटलं? १९०० साली कर्झनने परिपत्रक काढलं, संस्थानिकांनी परदेशी जायचं तर आधी परवानगी घ्या. काय भडकले होते महाराज!” हे अण्णा अशा थाटात सांगतात, जणू तेव्हा पाण्याचा तांब्या यांनीच पुढे केला होता.

अर्ज संगणकावर. वीस मिनिटं त्याला हात लावला नाही की तो आपला आपण बंद पडतो, आणि आमच्याकडे चहा वीस मिनिटांत होत नाही. फोटो चष्म्याशिवाय, त्यामुळे तो कसा आलाय हे मला बघता आलं नाही. मग प्रश्न. हेरगिरी करायला चाललात का? वंशसंहारात भाग घेतला आहे का? सौ. शेजारी बसून एकेक वाचत होती. “हो म्हणणारे कोण असतील हो?” तिने विचारलं. मग जरा थांबून, “चौकोन नीट बघून टिचकी मारा.”

एडिसनहून भाच्याचा फोन आला. “मामा, इंटरव्ह्यूत ‘वर्क’ हा शब्दच काढायचा नाही. काढलात की गेलात.”

“मग सांगू काय, ड्रायरशी गप्पा मारायला चाललोय?”

आणि निघायच्या तोंडावर ओहायोहून ईमेल. येताच आहात, तर शेजारच्या जुन्या ड्रायरकडेही जरा बघा. तो आमचा नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी केलेला. म्हणजे एका शेडमध्ये दोन ड्रायर, एकाला हात लावायचा माझा हक्क आणि दुसऱ्याला लावला तर गुन्हा.

मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत, खिडकीपलीकडे माझ्या मुलीच्या वयाची अधिकारी होती.

“तिथे काय करणार?”

मी कराराचं दुसरं पान काचेखालून सरकवलं. “हे यंत्र आमचं. ते बसवणार, चालवून दाखवणार, त्यांच्या माणसांना शिकवणार. शेजारी दुसऱ्यांचं एक आहे.”

“त्याचं काय करणार?”

“बघणार.”

“ते बंद पडलेलं असेल तर?”

“तर बघून मान हलवणार.”

“पैसे कोण देणार?”

“मकरपुरा,” मी म्हणालो. तिने तेलाचा डाग जरा उजेडात धरून वाचला, काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. मिळाला!

आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून बाहेर येऊन, तो ठेवला होता तिथून सोडवून, फुटपाथवरूनच घरी फोन लावला.

“झालं का हो काम?” सौ.ने विचारलं.

“हळू बोल,” मी म्हणालो. “फाटकासमोर उभा आहे. काम म्हणू नकोस.”