‘मुख्यमंत्रिपदाचे १२ मुद्दे’ पाठ करण्याआधी हे वाचा

माझी भाची सिन्नरहून येऊन नाशिकच्या सिडकोत आमच्याकडे राहते आणि राज्यसेवेची तयारी करते. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते ती रात्री नऊला येते. गेल्या रविवारी सराव परीक्षेचा पेपर घेऊन समोर बसली. “मामा, हे उत्तर चूक कसं? मी पाठ केलंय ते.” विधान परिषदेचा सदस्य मुख्यमंत्री होऊ शकतो का, असा प्रश्न होता. तिने ‘नाही’वर खूण केली होती. गुण गेलाच, वर पाव गुण वजा.

कुठून पाठ केलंस विचारलं, तर तिने मोबाइल पुढे केला. ‘मुख्यमंत्रिपद : परीक्षेत हमखास येणारे १२ मुद्दे’. लिहिणाऱ्याचं नाव नाही, आधार नाही, वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण. हाच मजकूर आठवडाभरापूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. अभ्यासिकेतल्या तीस-चाळीस मुलांनी तो वहीत उतरवून घेतलाय म्हणे. ही मुलं घरचे पैसे आणि स्वतःची वर्षं घालून बसलीत, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात तिचा गुण घालवणाऱ्या पाचव्या मुद्द्यापासूनच करतो. तो असा: “मुख्यमंत्री विधानसभेचाच सदस्य असावा लागतो. विधान परिषदेतून झालेला मुख्यमंत्री घटनाबाह्य. मात्र दर सहा महिन्यांनी राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेतली की सदस्य नसतानाही पद टिकवता येते.”

हे तिन्ही चूक आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद १६४ उघडा. मराठीत छापलेली प्रत कुठल्याही वाचनालयात मिळते आणि हा अनुच्छेद पानभराचाही नाही. त्याच्या चौथ्या खंडाचा अर्थ असा की जो मंत्री सलग सहा महिने राज्याच्या विधानमंडळाचा सदस्य नसेल, तो ती मुदत संपताच मंत्री राहत नाही. शब्द ‘विधानमंडळ’ आहे, ‘विधानसभा’ नाही. महाराष्ट्राच्या विधानमंडळाची दोन सभागृहं आहेत, २८८ जागांची विधानसभा आणि ७८ जागांची विधान परिषद. दोन्हींचा सदस्य हा विधानमंडळाचा सदस्यच. मुख्यमंत्री हाही मंत्रीच असल्यामुळे त्यालाही हाच नियम लागू होतो.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. सहा महिन्यांची मुदत मे २०२० च्या अखेरीस संपत होती. मध्येच कोरोना आला आणि परिषदेच्या निवडणुका लांबल्या. तेव्हा निवडणूक घ्यावी म्हणून राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, आयोगाने कार्यक्रम जाहीर केला आणि १४ मे रोजी ठाकरे बिनविरोध निवडून आले, विधान परिषदेवर. हा सगळा आटापिटा कशासाठी झाला असेल? महामारीतसुद्धा ती मुदत कुणाला पुढे ढकलता येत नव्हती, म्हणून. आणि परिषदेची जागा पुरेशी होती, म्हणूनच तिथून निवडून येणं चाललं. त्याआधी पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेचे खासदार होते. ते नंतर विधान परिषदेवरच गेले आणि २०१४ पर्यंत मुख्यमंत्री होते. याला घटनाबाह्य म्हणायचं असेल तर कुठल्या कलमाने ते तरी सांगा.

राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच बंद केली आहे. पंजाबात सदस्य नसलेल्या एका मंत्र्याला सहा महिन्यांनंतर, निवडून न येताच, त्याच विधानसभेच्या काळात पुन्हा मंत्री केलं होतं. न्यायालयाने ती नेमणूक अवैध ठरवली. परीक्षेत हा निकाल खरोखर विचारतात. म्हणजे त्या मजकुराने मुलांना बरोबर उलटं पाठ करायला लावलंय.

या मुद्द्याची मला जास्त चीड येण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे नाशिक पदवीधर आणि नाशिक शिक्षक असे विधान परिषदेचे मतदारसंघ आहेत. भाचीची पदवी झाली आहे, तीन वर्षं झाली की तिला पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवता येईल. “परिषद मोजतच नाही” हे डोक्यात घेऊन बसली, तर ती नाव तरी नोंदवेल का?

यात एक अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असतं ते विधानसभेला. अविश्वास ठराव तिथेच येतो, सरकार तिथेच पडतं. परिषदेतल्या मुख्यमंत्र्यालाही विधानसभेतलं बहुमत दाखवावंच लागतं. पण स्वतःची खुर्ची कुठे आणि बहुमत कुठे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने ते एकात कालवले.

सहावा मुद्दा उपमुख्यमंत्र्यांचा: “हे घटनात्मक पद आहे. मुख्यमंत्र्याने पद सोडल्यास उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री होतो.”

घटनेत राज्याच्या संदर्भात मुख्यमंत्री आणि मंत्री एवढेच शब्द आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. या पदाविरुद्धची याचिका फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली तीसुद्धा याच कारणाने, की उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच असतो. मानाचं नाव आहे, वेगळा घटनात्मक अधिकार नाही. ‘आपोआप’ तर अजिबात नाही. मुख्यमंत्री गेला की सगळं मंत्रिमंडळ जातं, मग उपमुख्यमंत्री कुठून उरणार?

नाशिककरांनी तरी हे विसरू नये. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांनी राजीनामा दिला तेव्हा उपमुख्यमंत्री होते छगन भुजबळ, जे पुढच्याच वर्षी आपल्या येवल्यातून आमदार झाले. मुख्यमंत्री कोण झालं? सुशीलकुमार शिंदे. आघाडीत ते पद काँग्रेसकडे होतं आणि काँग्रेसने आपला माणूस दिला. भुजबळ नव्या मंत्रिमंडळात पुन्हा उपमुख्यमंत्रीच झाले. जुलै २०२३ नंतर तर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार असे एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री होते. त्यातला ‘आपोआप’ कोणता झाला असता? आणि मारोतराव कन्नमवारांचं नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असतानाच निधन झालं तेव्हा उपमुख्यमंत्री कुणीच नव्हतं. थोडे दिवस पी. के. सावंतांनी काम पाहिलं, मग ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले. दरवेळी प्रश्न एकच असतो, विधानसभेत बहुमत असलेल्यांचा नेता कोण.

आता नाशिकचे दोन मुद्दे. सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर आला तेव्हा यांनाच सर्वांत जास्त टाळ्या पडल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

“पहिले उपमुख्यमंत्री नाशिकचे : नाशिकराव तिरपुडे.” नावात नाशिक आहे म्हणून माणूस नाशिकचा! तिरपुडे विदर्भातले, भंडारा भागातले. १९७८ मध्ये दोन काँग्रेसचं मिळून सरकार झालं, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैमध्ये ते सरकार गेलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. पहिले उपमुख्यमंत्री हे बरोबर, बाकी नाशिकशी संबंध नाही. विदर्भाचा नेता आपल्या नावावर लावून घेताना कुणालाच काही खटकू नये, याचं वाईट वाटलं.

“पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकचे आमदार होते.” नाही. जन्म सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा आणि आमदारकी कराडची. पण ही चूक कशी झाली ते मला कळतं, कारण तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे. १९६२ च्या चीन युद्धात पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपल्याकडे म्हणतात ते याच प्रसंगी. मग त्यांना संसदेत जागा हवी होती, आणि ती दिली नाशिकने. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, तेही बिनविरोध. पुढे १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं राहिलं. म्हणजे नाशिकचे खासदार होते, पण मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर. ही गोष्ट खोट्यापेक्षा कितीतरी अभिमानाची आहे, तीच सांगा ना.

नाशिक जिल्ह्याचा माणूस मुख्यमंत्रिपदाच्या दारात उभा राहिल्याचं पाहायचं असेल तर १९५६ मध्ये पाहा. मराठी आणि गुजराती भाग मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य होणार होतं आणि विधिमंडळ काँग्रेस पक्षाला नेता निवडायचा होता. मालेगाव भागातले भाऊसाहेब हिरे उभे राहिले, समोर यशवंतराव. आमदारांनी यशवंतरावांना निवडलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं, पण त्यांचं मुख्यमंत्रिपद त्याच्या साडेतीन वर्षं आधीपासूनचं. बारा मुद्द्यांत भाऊसाहेबांचं नावही नाही.

बाकीचे भराभर. “मुख्यमंत्री जनता थेट निवडते” हा सरपंचाशी झालेला घोटाळा आहे. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, बहुमत बघून. “हवे तेवढे मंत्री नेमता येतात” हे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने संपलं. विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के ही मर्यादा, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्र्यांसह ४३. “माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात सरकारी बंगला हा हक्क” हेही चूक. उत्तर प्रदेशात तसा कायदा होता, तो मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि तिथल्या माजी मुख्यमंत्र्यांना बंगले सोडावे लागले.

“पाच वर्षांची मुदत पूर्ण करणारे एकमेव मुख्यमंत्री वसंतराव नाईक.” हे एके काळी बरोबर होतं, एवढं कबूल करायला हवं. नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त त्या पदावर होते, तो विक्रम कायम आहे. पण २०१४ ते २०१९ ही पूर्ण मुदत फडणवीसांनीही काढली. म्हणजे हा मुद्दा कुठल्यातरी जुन्या गाइडमधून जसाच्या तसा उचललेला दिसतो.

भाचीने बुधवारी अनुच्छेद १६४ च्या पानाचा फोटो अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकला. दोघांनी आभार मानले, एकाने “सर चुकणार नाहीत” असं लिहिलं, आणि एका मुलीने विचारलं, “मग सातवा मुद्दा? मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की विधानसभा बरखास्त होते ना?” भाची मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. म्हटलं, तूच शोध, तारखा काढ. अर्ध्या तासाने तिने उत्तर लिहिलं: होत नाही. मंत्रिमंडळ जातं, विधानसभा राहते. २०१९ मध्ये निवडलेल्या एकाच विधानसभेच्या काळात नोव्हेंबर २०१९ मध्ये फडणवीस, मग उद्धव ठाकरे आणि ३० जून २०२२ पासून एकनाथ शिंदे असे तिघे मुख्यमंत्री झाले, आणि पुढची निवडणूक थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली.