'तालमीत घाला, सरळ होईल' या मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. मजकूर थोडक्यात असा: "एडीएचडी म्हणजे आळसाला शोधलेलं निमित्त. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं, हे सगळं मोबाईलनं आणलं. ज्याला खरंच लक्ष लागत नाही तो तीन तास गेम कसा खेळतो? पोराला तालमीत घाला, सरळ होईल. गोळ्या म्हणजे नशाच. आणि मोठ्या माणसानं पहाटे पाचला उठावं, कामांची यादी करावी, मनावर घ्यावं." खाली वाघाचा फोटो.

मी फौंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायचे साचे ज्यावरून पडतात ते नमुने, बनवतो. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि स्वतःला आवरणं यांवरचा ताबा कमी पडणाऱ्या विकाराचं, माझं निदान मोठेपणी झालं, त्यामुळं या विषयात मी तटस्थ नाही. पण मेसेजमधली वाक्यं एकेक करून तपासता येण्यासारखी आहेत.

'आमच्या लहानपणी नव्हतं' हे आधी घेतो, कारण ते सगळ्यात लवकर निपटतं. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरनं एका जागी चित्त न ठरणाऱ्या, बारीकशा आवाजानंही विचलित होणाऱ्या रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये, म्हणजे शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला त्याच वर्षी, लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा विकार वेगळ्या नावानं १९६८ मध्ये आला आणि १९८७ मध्ये आजचं एडीएचडी हे नाव ठरलं. तुमच्या लहानपणी नाव नव्हतं, पोरं होती. आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागलेला, वर्गात निम्मा वेळ बाकावर उभा असलेला, 'ह्याच्या पायाला भिंगरी हाय' असं ज्याच्याबद्दल आजी म्हणायची तो. मुली तर या हिशेबात धरल्याच गेल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत शांत बसणाऱ्या मुलीची तक्रार बाई कशाला करतील? ती लग्न होऊन सासरी गेली, दूध तिसऱ्यांदा उतू गेलं, की मग तिला 'धांदरट' म्हणायचं.

मोबाईलचं म्हणणं थोडं खरं आहे, म्हणून त्याला जास्त काळजीनं उत्तर द्यायला हवं. रील बघून बघून कुणाचंही लक्ष पातळ होतं, आणि एडीएचडी असलेला माणूस त्यात इतरांपेक्षा लवकर अडकतो. पण मूळ तिथं नाही. एकसारख्या जुळ्यांची आणि साध्या जुळ्यांची तुलना करणारे अभ्यास अनेक देशांत झालेत. माणसामाणसांत या लक्षणांचा जो फरक दिसतो, त्यातला ७० ते ८० टक्के आनुवंशिक कारणांनी समजावता येतो, असं ते दाखवतात. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला एडीएचडी, या दोन्हींत घराण्याचा वाटा एवढा मोठा आहे की पोराला डॉक्टरकडं नेलं आणि तिथं बापाचंच निदान झालं, असं सर्रास घडतं.

शिवाय निदानाचे निकष मोबाईलवाल्या संशयाला जागा देत नाहीत. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. घर, शाळा, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. मुलांमध्ये यादीतली सहा आणि १७ वर्षांपुढच्या माणसात पाच लक्षणं, तीही कामात आणि नात्यात नुकसान करणारी. गेल्या वर्षी फोन घेतला आणि तेव्हापासून अभ्यासात मन लागत नाही, हे यात बसत नाही. याची उलट बाजूही सांगायला हवी. तीस सेकंदांचा व्हिडिओ बघून 'मला पण एडीएचडी आहे' म्हणणाऱ्यांची जी लाट आलीय, तिच्यामुळंच असले मेसेज लिहिणाऱ्यांना बळ मिळतं. अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांनीही लक्ष उडतं, आणि चांगला डॉक्टर आधी ते तपासतो.

आता गेमचा मुद्दा. हा सगळ्यांना बिनतोड वाटतो.

माझा एक मित्र एस. जी. आयर्न या खास प्रकारच्या बिडाच्या भट्टीवर सुपरवायझर आहे. पातळ धातूला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की तिचा परिणाम मिनिटागणिक उतरत जातो. थोडक्या मिनिटांत ओतकाम उरकलं नाही, तर बाहेरून चकचकीत दिसणारा जॉब आतून बाद. त्या मिनिटांत या गड्याइतका सावध माणूस अख्ख्या शॉपमध्ये नाही. पातळ धातूचं लॅडल कुठं, साचे किती, कुणाचा पाय कुठं पडतोय, सगळं त्याला दिसतं. त्याच ओतकामाची नोंद रजिस्टरात चढवायला मात्र त्याला चार दिवस लागतात, आणि तेही कुणीतरी डोक्यावर उभं राहिल्यावर. मेसेजच्या हिशेबानं हा माणूस सकाळी कष्टाळू आणि दुपारी आळशी ठरतो.

खरी गोष्ट अशी की लक्ष त्याच्याकडं भरपूर आहे, ते कुठं लावायचं आणि कुठून काढायचं यावरचा ताबा कमी आहे. मेंदूतली बक्षीस जोखणारी यंत्रणा, ज्यात डोपामिन या रसायनाचं मोठं काम असतं, ती लांबच्या फायद्याला फारशी दाद देत नाही. भट्टीवर धोका समोर असतो, निकाल लगेच मिळतो, दर क्षणाला काहीतरी बदलतं. गेममध्ये नेमकं हेच कृत्रिमपणे रचलेलं असतं. रजिस्टरात यातलं काहीच नाही. त्याचा उपयोग झालाच तर सहा महिन्यांनी ऑडिटला होणार. म्हणून तीन तास गेम खेळता येणं हा एडीएचडी नसल्याचा पुरावा ठरत नाही. गेम थांबवून जेवायला उठता न येणं हे तर त्याच ताब्याचं दुसरं टोक.

'मनावर घ्यावं' याचं उत्तरही इथंच येतं. जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा रिटर्न दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर व्याज. पैसे खात्यात आहेत, बिलं फायलीत आहेत, पासवर्ड पाठ आहे, दंड माहीत आहे, भरायची इच्छाही आहे. तरी २३ तारीख उजाडते. यात ज्ञान कमी नाही, दानत कमी नाही. माहीत असलेली गोष्ट त्या क्षणी हातून सुरू होत नाही, एवढीच पण भलतीच महाग पडणारी अडचण आहे. ती मनावर घेऊन सुटत असती, तर लेट फीच्या पावत्यांनीच सुटली असती.

तालमीवर मी जरा जास्त बोलणार आहे. कोल्हापुरात राहून तालमीला नावं ठेवायची माझी छाती नाही, आणि मेसेजमधलं हेच एक वाक्य खऱ्याच्या जवळ जातं. तालमीत घातलेली काही पोरं खरंच मार्गी लागली, ती तुम्ही-आम्ही पाहिलीत. फक्त का लागली, याचं कारण मेसेजवाल्यानं चुकीचं लावलंय.

तालमीत काय असतं ते बघा. वेळ ठरलेली, ती पोरानं ठरवायची नसते. आल्यावर काय करायचं याचा विचार करावा लागत नाही. माती खणायची, मग जोर, मग बैठका, मग जोड. शेजारचा आकडा मोजतोय म्हणून आपणही थांबत नाही. वस्ताद समोर उभा. एखादी पकड चुकली तर महिनाअखेरीस कळत नाही, त्याच सेकंदाला पाठ मातीला लागते. आणि सकाळी गैरहजर राहिलं तर जोडीदार घरापुढं येऊन हाक मारतो, "ये की लेका, झोपलायस व्हय अजून?" लक्ष भरकटणाऱ्या माणसाला जे जे बाहेरून लागतं, ते सगळं एका आखाड्यात जमवलेलं आहे. पोरगं तिथं नीट चालतं ते या मांडणीमुळं. याचं श्रेय 'मन घट्ट केलं' याला द्यायचं असेल, तर मग तेच घट्ट मन घेऊन तो दहा वाजता ऑफिसच्या टेबलाशी बसतो तेव्हा काय होतं? तिथं वस्ताद नाही, जोड नाही, आकडा मोजणारा नाही. एक कॉम्प्युटर आणि 'हे या आठवड्यात कधीतरी करून टाका' असं सांगून गेलेला साहेब.

व्यायामानं लक्षात काही प्रमाणात सुधारणा होते असं संशोधनातही दिसतं, ते घ्यावंच. पण उपचाराच्या जागी नाही. आणि तालमीतून पहिल्याच महिन्यात पळालेल्या, वस्तादाची बोलणी खाऊन परत न फिरकलेल्या पोरांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. खासबागेच्या मैदानात कुस्ती मारलेल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

गोळ्यांबद्दल. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तयार झालं, म्हणजे ते काल आलेलं औषध नाही. मेंदूतलं डोपामिन आणि नॉरअॅड्रिनालिन परत शोषलं जाण्याचा वेग ते कमी करतं. गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच आपल्याकडं ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक औषध दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची, आणि ते विकायला वेगळा परवाना. भूक कमी होणं, झोप लांबणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं हे त्रास होतात, त्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी अॅटोमोक्सेटिन आहे; ते उत्तेजक गटातलं नाही आणि त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. लहानपणी उत्तेजक गटातलं औषध घेतल्यानं पुढं व्यसनाचा धोका वाढतो का, हे अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं गेलंय. वाढत नाही असं दिसलं. स्वीडनमध्ये एडीएचडीच्या २५ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध चालू असतानाच्या काळात पुरुषांच्या हातून घडणारे गुन्हे ३२ टक्क्यांनी कमी आढळले. आणि नशेचं म्हणाल, तर ज्या गोळीचं म्हणे व्यसन लागतं, ती घ्यायचीच आमच्यातले निम्मे विसरतात.

गोळीनं कोटेशन आपोआप लिहून होत नाही, हेही खरं. सुरुवात करणं सोपं होतं; कशाला सुरुवात करायची हे आपणच लावून ठेवावं लागतं.

त्यावरचा मेसेजचा सल्ला म्हणजे पहाटे पाच आणि यादी. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं झोपेचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं. दोनला झोप लागणाऱ्याला पाचला उठवलं, तर दिवसभरात उरलंसुरलं लक्षही जातं. याद्या तर आमच्याकडं इतरांपेक्षा जास्त असतात. वहीत, फोनमध्ये, सिगारेटच्या पाकिटावर, प्लायवूडच्या तुकड्यावर. यादी सापडणं आणि यादीतलं पहिलं काम सुरू होणं, इथं गाडी अडते.

मला जे लागू पडलं ते असं. फळ्यावर एका वेळी एकच काम, आणि तेही 'कोटेशन देणे' असं न लिहिता 'ड्रॉइंग उघडून मापं लिहिणे' असं, म्हणजे हाताला कळेल असं. भिंतीवर काट्याचं मोठं घड्याळ, कारण फोनमध्ये वेळ बघायला गेलो की अर्धा तास तिथंच जातो. कागदी काम असेल तर शेजारच्या टर्नरला चहाला बोलावतो. तो त्याची बिलं करतो, मी माझी, बोलायचं नाही. कुणीतरी शेजारी बसलेलं असलं की काम पुढं सरकतं, हे एडीएचडीवाल्यांमध्ये जगभर रूढ झालेलं तंत्र आहे, पण आपल्याकडं अभ्यासिका त्यावरच चालतात. तोंडी ऑर्डर घेत नाही. गिऱ्हाईक कितीही जवळचं असो, 'मेसेज टाका, मगच लाकूड कापतो.' विजेचं बिल, हप्ते, विमा सगळं खात्यातून परस्पर जातं. रिटर्नची तारीख सीएच्या ऑफिसातल्या मुलीला सांगून ठेवलीय, ती १७ तारखेला फोन करते. पोर्टलवरून येणारा मेसेज मी वाचून विसरतो, तिचा फोन विसरता येत नाही.

मध्येच एक दुसरा मेसेजही फिरतो, एडीएचडी ही दैवी देणगी आहे, सुपरपॉवर आहे वगैरे. त्याला एका ओळीत उत्तर: या विकारात अपघात, कर्ज आणि नोकरी सुटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, तेव्हा अभिनंदन करू नका.

ज्यांना स्वतःबद्दल किंवा पोराबद्दल शंका आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं. रक्ताची चाचणी किंवा स्कॅन करून हे निदान होत नाही. सविस्तर बोलणं होतं, लहानपणचं विचारतात, त्यामुळं शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर बरोबर न्या, आणि आई किंवा नवरा-बायको यांपैकी कुणालातरी सोबत घ्या. कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

कामाच्या ठिकाणी सवलतीचा प्रश्न निघतो तेव्हा कायदा फार मदतीला येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळं सगळं मालकाच्या समजुतीवर. आमच्या शॉपमध्ये एक पोरगं आहे, हात सोन्याचे, पण तीन कामं एकदम सांगितली की तिसरं करून पहिलं विसरतं. त्याचं निदान झालंय का हे मी विचारलेलं नाही. त्याला तोंडी काही सांगायचं नाही, ड्रॉइंगवर क्रमानं लिहून द्यायचं, एवढा नियम केला, आणि त्यासाठी सर्टिफिकेट लागलं नाही. शेजारचा शॉपवाला म्हणाला, "एवढं लिहीत बसायला वेळ कुठाय भावा?" त्याला मी आधीच्या सहा महिन्यांत चुकून कापलं गेलेलं सागवान किती रुपयांचं होतं ते दाखवलं.